यांचा प्रोसेसर परत आणताना

माणूस गेला की त्याच्या वस्तूंबद्दल सगळ्यांना मतं फुटतात. तो असताना ज्यांनी त्या वस्तूंकडे ढुंकून पाहिलेलं नसतं, त्यांनाही. माझे पती गेले, आणि त्यांचे शर्ट कुणाला द्यायचे, चष्मा कुठे ठेवायचा, गादी गावाकडे न्यायची की इथेच कुणाला देऊन टाकायची, यावर तेराव्यापर्यंत आमच्या घरात इतकं बोलणं झालं की मी स्वयंपाकघरातून बाहेर येणंच सोडून दिलं. शर्ट गेले, गादी गेली. मी काही बोलले नाही. कॉम्प्युटरबद्दल मात्र बोलले. तेव्हापासून नातेवाइकांत असं ठरलं आहे की दुःखाने माझा स्वभाव चिडका झाला.

झाला असेल. पण ज्या गोष्टीवर मी चिडले ती चिडण्यासारखीच होती, आणि इतके महिने उलटले तरी माझं मत बदललेलं नाही. म्हणून सावकाश, नीट लिहून ठेवते. त्यांचा उल्लेख आयुष्यभर 'हे' असाच केला, इथेही तसाच करीन.

हे अंकुशनगरला साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसाची प्रत्येक गाडी आधी काट्यावर यायची, तिचं वजन व्हायचं, मग ती गव्हाणीकडे जायची. गव्हाणीत ऊस उतरायचा आणि तिथून आत गाळपाला. नोकरीची सगळी वर्षं यांनी त्या काट्याच्या खिडकीत काढली. मी जालन्यात कॉलेजच्या ग्रंथालयात. सुट्टीला मी तिकडे जायचे, नाहीतर हे इकडे यायचे. आम्हाला मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर हे कायमचे जालन्याला आले. येताना दोन बॅगा होत्या आणि एक कॉम्प्युटर. तो यांनी क्वार्टरमध्ये एकेक भाग आणून स्वतः जोडलेला होता, आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आणला होता.

त्यावर हे गेम खेळायचे. हे मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं, ते मला चांगलं ओळखता येतं. साठीचा माणूस आणि गेम. हाच माणूस रोज पारावर पत्ते कुटत बसला असता तर कुणी हसलं नसतं. टीव्हीवर दिवसभर दुसऱ्यांची भांडणं बघत बसला असता तर तोच निवृत्त माणसाचा रिवाज झाला असता. यांच्या गेममध्ये एक घोडेस्वार होता आणि डोंगर, जंगलं, माळरानं होती. मारामाऱ्या होत्या, पण हे त्या टाळून लांबच्या वाटेने जायचे. मी शेजारी खुर्ची टाकून वाचत बसायचे. "बघ, हरणं," असं हे म्हणायचे. मी मान वर करून हरणं बघायचे आणि पुन्हा पुस्तकात जायचे. आमच्या संसारातला हा काळ मला सगळ्यांत आवडता होता, आणि तो फार थोडा मिळाला.

यांचं एकच गाऱ्हाणं होतं. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड जुनं होतं. त्यामुळे गवत कागदाच्या कातरणासारखं दिसायचं आणि पाणी निळ्या ताडपत्रीसारखं. फिरत फिरत हे एका मोठ्या नदीच्या काठाला आले आणि तिथे घोडा थांबवला.

"ही अशी नाही ओलांडायची," म्हणाले. "नवीन कार्ड आल्यावर ओलांडू."

"पाण्यासाठी कार्ड घेणार?"

"मग कशासाठी घेतात?"

हे लगेच विकत घेणारे नव्हते. महिनाभर वाचत राहिले आणि रोज चहाला मला सांगत राहिले. सगळीकडे लिहिलं होतं की जुन्या प्रोसेसरवर नवीन कार्ड बसवू नका, बॉटलनेक होतो, म्हणजे प्रोसेसर मागे पडतो आणि कार्ड रिकामं बसून राहतं. यांनी मला ते काट्याच्या भाषेत समजावलं. प्रोसेसर म्हणजे काटा. घोडा कुठे आहे, हरिण कुठे पळालं, याचा हिशेब तो करतो. कार्ड म्हणजे गव्हाण. तिथे चित्र उतरतं. आणि पडदा म्हणजे गाळप.

"गव्हाण मोठी केली आणि काटा तोच ठेवला तर गाड्या काट्यावर तुंबतात, हे खरंय," हे म्हणाले. "पण कारखाना जेवढा ऊस गाळतो तेवढा काटा मोजून देत असेल, तर काटा कशाला बदलायचा? आपला मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्याच्यावर एक नाही. माझा प्रोसेसर माळरानात साठ देतो. अडतंय ते गव्हाणीला."

"आणि गर्दीत?"

"बाजाराच्या गावात थोडं अडखळेल. माणसं फार असतात तिथं. पण आपल्याला गावात काय काम?"

नव्या कार्डाला वीज जास्त लागते, पण पॉवर सप्लाय यांनी आदल्या वर्षीच मोठा बसवून ठेवला होता. कार्ड मागवलं. ते यायच्या आधी, पौषातल्या एका सकाळी, चहाचा कप ठेवायला मी आत गेले आणि हे उठले नाहीत. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

कार्डाचं खोकं सुतकात आलं. दार उघडायला यांचे धाकटे भाऊ गेले. ते घनसावंगीकडे शेती करतात. यांना अग्नी त्यांनीच दिला होता आणि सगळे नेम कडकपणे पाळत होते. त्यांनी खोकं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, शेजारी ठेवायला दिलं.

तेराव्यानंतर ते घरात आलं, पण भाऊजी म्हणाले, "वहिनी, आत्ताच उघडू नका. वर्षाच्या आत नवी वस्तू न्हाई आणत घरात."

"भाऊजी, हे यांनीच मागवलेलं आहे."

"दादानं मागवलं, बराबर. पण आलं तर दादा गेल्यावर ना?"

 खोकं कपाटावर गेलं. मी सणवार पाळणारी बाई नाही, पण भाऊजींच्या तोंडावर नाही म्हणायची ताकदही तेव्हा नव्हती. काही महिने मी येता-जाता त्या खोक्याकडे बघत होते. मग एका दुपारी ठरवलं. ही वस्तू नवी असली तरी यांची आहे. यांनी निवडली, यांनी पैसे दिले, कुठे बसवायची तेही यांनी सांगून ठेवलं. ती बसवणं म्हणजे नवं आणणं नव्हे. मी खोकं आणि कॉम्प्युटर रिक्षात घालून जालन्यातच मस्तगडच्या बाजूला कॉम्प्युटरच्या एका दुकानात नेलं.

दुकानदार तरुण होता आणि बोलायला गोड. मी त्याला सगळं सांगितलं. हे कार्ड आहे, जुनं काढून हे बसवायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. तो मान हलवत होता.

"पण म्याडम, प्रोसेसर जुना हाय. बॉटलनेक होईल."

मी त्याला साठ चित्रांचं सांगितलं. माळरानाचं सांगितलं. बाजारात अडखळेल आणि ते चालेल, हेही सांगितलं. तो सगळं शांतपणे ऐकून घेत होता, मला वाटलं पटतंय. मग म्हणाला, "घरात कुणी जेन्ट्स असंल तर नंबर देऊन ठेवा म्याडम. टेक्निकल काही लागलं तर बोलून घेतो."

मी पंचवीसेक वर्षं ग्रंथालय सांभाळते. मुलांना कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे मी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सांगते. मला तिथेच त्याला विचारायला हवं होतं, की मी आता बोलले ते टेक्निकल नव्हतं तर काय होतं? पण मी कामावर असताना फोन उचलत नाही, आणि वाटलं, घ्यायला या म्हणून सांगायला एखादा नंबर लागत असेल. भाऊजींचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. त्याचा नंबर दिला.

कॉम्प्युटर घरी आला तो चमचम करत. पेटीच्या काचेतून लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते, मस्तगडला एखाद्या वरातीच्या बँडवर असतात तसे. मी आत पाहिलं. यांनी आतल्या वायरी पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या होत्या. काट्यावर पावत्यांचे गठ्ठे ज्या दोऱ्याने बांधत तोच दोरा. तो नव्हता. मधला तपकिरी पंखा, जो सुरू होताना एकदा खाकरायचा, तो नव्हता. कार्ड नवं होतं, ते असायचंच होतं. पण ते ज्यात खोवतात ती मोठी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, पंखा, प्रोसेसर, सगळं नवं होतं.

मी पुण्याला फोन लावला.

"काकू, बसवलं का? मस्त ना?" पुतण्या खुशीत होता. "दुकानवाल्याचा फोन आल्ता. मी म्हटलं, जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड वाया जाईल, सगळंच बदलून टाक. माझ्याकडून."

"मला का नाही विचारलं?"

"तुम्हाला कशाला त्रास? बॉटलनेक झाला असता काकू."

"कितीने?"

"कितीने म्हणजे?"

"तुझ्या काकांचा मॉनिटर साठ दाखवतो. जुना प्रोसेसर साठ देत होता की नव्हता?"

"काकू, तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "मी काकांसाठीच केलं ना."

प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागवायची सोयच नसते. रागावलं की आपणच वाईट. मी फोन ठेवला, आणि राग तसाच राहिला. काकांसाठी करणाऱ्याने काका काय म्हणत होते एवढं तरी ऐकायचं होतं. ते जिवंत असताना या मुलाने एकदाही त्या खुर्चीमागे उभं राहून विचारलं नव्हतं, की काका, हा घोडा कुठे निघालाय.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा कळवून दुकानात गेले. यांची पाटी काउंटरच्या काचेत ठेवलेली होती, प्रोसेसर आणि तपकिरी पंख्यासकट. त्यावर कागद चिकटवला होता: जुना माल.

"हे परत बसवून द्या," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "म्याडम, लोक नवं बसवायला रडतेत, आन् तुम्ही जुनं मागून राह्यल्या?"

"हो."

"ते तर बुक झालंय हो. घनसावंगीच्या एका नेट कॅफेवाल्यानं सांगून ठेवलंय. संध्याकाळच्या जीपनं पाठवायचंय."

"ज्याचं आहे त्याला न विचारता तुम्ही ते विकलं?"

"विचारलं की. पुण्याच्या साहेबांला."

"कॉम्प्युटर माझा आहे."

"हो, पण ऑर्डर त्यांची ना? त्यांचा फोन येऊ द्या, लगेच बसवून देतो. आम्ही कस्टमरच्या शब्दाबाहेर न्हाई."

"मग कस्टमर कोण?"

तो वळला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह दाखवायला लागला. उद्धट नव्हता तो, हे सांगायलाच हवं. त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, चहा सांगितला. फक्त मी बोलते ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

पुतण्याने फोन उचलला नाही. मीटिंगमध्ये असेल. दुकानाबाहेर घनसावंगीच्या जीपा भरत होत्या, त्यांचे पुकारे आत ऐकू येत होते. मी स्टुलावर बसून काचेतल्या त्या तपकिरी पंख्याकडे बघत राहिले. मग भाऊजींना फोन लावला.

ते रानात होते. मागे मोटारीचा आवाज होता.

"भाऊजी, घरात नवं आलंय," मी म्हटलं.

"काय आलंय?" मोटारीच्या आवाजापासून ते लांब गेले. "वर्ष कुठं झालं वहिनी अजून?"

"तेच म्हणते."

"ते खोकं उघडलं का तुम्ही?"

"उघडलं. ते यांचं होतं. पण हे दुसरं आहे. यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं काढून दुकानात विकायला ठेवलंय, आणि त्या जागी नवीन आणून घातलंय. मी नाही आणलं. तुमच्या मुलाने आणलं."

 भाऊजींना प्रोसेसर कळत नाही, आणि मला त्यांचा नेम पटत नाही. पण तो नेम त्यांच्यासाठी खरा होता, आणि तो माझ्यावर लावला होता तसाच स्वतःच्या मुलावर लावतील की नाही, याची मला त्या क्षणी खात्री नव्हती.

"कुणाला इचारून?" ते म्हणाले.

"मला विचारून नाही."

"मला बी न्हाई. द्या त्या दुकानवाल्याला फोन."

मी फोन काउंटरवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"काय रे बाबा, माझ्या भावाची वस्तू तुझ्याकडं ठिवली का?"

दुकानदार सरळ उभा राहिला. "हो काका. पण ते पुण्याच्या साहेबांनी—"

"ते साहेब माझं पोरगं हाय. त्याला काय कळतंय? माझ्या भावाच्या हातचं हाय ते. जे काढलं ते बसव, जे बसवलं ते काढ. आत्ता. मंग मी पोराशी बोलतो."

"हो काका. बराबर काका. बसवतो."

जी गोष्ट मी दोनदा येऊन, कारणांसकट, शांत आवाजात सांगितली होती, ती रानातून आलेल्या एका पुरुषाच्या आवाजाने चहा गार व्हायच्या आत झाली. लोकांना वाटतं मी त्या दिवशी जिंकले. मी काही जिंकले नाही. एका पुरुषाच्या नंबरने बिघडलेलं काम दुसऱ्या पुरुषाचा नंबर लावून नीट करावं लागलं, एवढंच झालं. भाऊजींचे उपकार मी मानते. पण त्यांच्या आवाजाची गरज पडली, याचा राग त्या उपकारांखाली दडपायला मी तयार नाही.

दुकानदार काम करत होता तोवर मी तिथून हलले नाही. त्याने पाटी बसवली, कार्ड लावलं आणि वायरी बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या. मी थांबवलं. यांचा दोरा त्याने केराच्या डब्यात टाकून दिला होता आणि डबा सकाळीच रिकामा झाला होता. माझ्या पिशवीत ग्रंथालयातला पुस्तकं शिवायचा दोरा होता. पेटीत हात घालून वायरी मी बांधल्या. तो बघत होता.

"म्याडम, चालू करून बघू का?"

"घरी बघते."

घरी बटण दाबलं. पंखा एकदा खाकरला आणि फिरायला लागला. गेम जिथे थांबवला होता तिथेच होता. घोडा काठावर, स्वार घोड्यावर. पाणी मात्र दुसरंच होतं. त्यात पलीकडचे डोंगर उलटे दिसत होते, खडकापाशी ते फुटत होतं, आणि घोड्याने मान खाली घातली की त्याच्या नाकाची सावली पडत होती. कोपऱ्यात चित्रांचा आकडा लावायची यांची सवय होती. तिथे साठ होते.

मी कारणाने बोलणारी बाई आहे, म्हणून यांची दुसरी गोष्टही तपासली. काही दिवस बटणं शिकून घेतली आणि घोडा मागे फिरवून बाजाराच्या गावात नेला. तिथे आकडा खाली आला, चित्र अडखळलं, एक भाजीवाली जागच्या जागी दोनदा वळली. हे म्हणाले होते तसंच. मी घोडा परत काठावर आणून उभा केला. आपल्याला गावात काही काम नव्हतं.

पुतण्याने त्याचं सामान दुकानातून मागवून घेतलं. काकूंना समजावण्यात अर्थ नाही, असं त्याने घरात सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. मी त्याला पुन्हा फोन केला नाही. करीन, पण अजून नाही.

पुढच्या मासिक श्राद्धाला भाऊजी आले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "लावा बघू ते. काय येवढं भांडण झालं ते तरी बघू द्या."

मी लावलं. ते यांच्या खुर्चीत बसले नाहीत, पलंगाच्या कडेला बसले. गोदावरीकाठचा माणूस, बराच वेळ पाण्याकडेच बघत राहिला.

"पाणी बराबर हाय," म्हणाले. मग, "हा कोपऱ्यात आकडा कशाचा?"

"सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा."

"साठ. आन् किती पायजेत?"

"साठच."

"मंग पोरगं कशाला बोंबलून राह्यलं होतं?"

मी त्यांना काटा आणि गव्हाण सांगितली, यांच्याच शब्दांत. ऊस घेऊन ते स्वतः त्या काट्यावर रांगेत थांबलेले आहेत. ते हसले नाहीत. "दादा असंच सांगायचा," एवढंच म्हणाले, आणि पंच्याने तोंड पुसलं. थोड्या वेळाने पडद्याकडे बोट केलं.

"हा घोडा काऊन थांबलाय?"

"यांनी थांबवला होता. पाणी नीट दिसायला लागलं की ओलांडू म्हणाले होते."

"आता तर दिसून राह्यलंय."

मी यांच्या खुर्चीत बसले आणि घोडा पाण्यात घातला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग पोटापर्यंत. स्वाराचे पाय भिजले. भाऊजी पलंगावरून पुढे सरकले.

"हळू वहिनी," म्हणाले. "मधी वढ असंल."

मी हळू घातला. कोपऱ्यातला आकडा साठवरून हलला नाही.